जळमटं न करणारा कोळी

घरात कोळी दिसला की हात आधी झाडूकडे जातो आणि कारण ठरलेलं असतं: जळमटं होतात. ती होतात हे खरं, पण करणारा वेगळा. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, केसासारख्या लांब काटकुळ्या पायांचा, फुंकर मारली की जाळ्यासकट थरथरणारा जो असतो, जळमटांचा धनी तो. ट्यूबलाइटच्या पट्टीवर टुणकन उडी मारून थांबणारा, आखूड पायांचा, केसाळ, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही. तो मांजरासारखा दबा धरून येतो आणि झडप घालतो. रेशीम त्याच्याकडेही आहे, पण ते झोपायच्या पिशवीला, अंड्यांना आणि उडी मारताना मागे बांधायच्या दोरीला. एवढा एक फरक कळला तरी दिवाळीच्या साफसफाईत निम्मे कोळी वाचतील.

मराठीत याला सर्वमान्य नाव नाही. सोयीसाठी ‘उड्या कोळी’ म्हणू. साल्टिसिडी हे त्याचं कुळ कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं, सहा हजारांहून अधिक जातींचं. आपल्या घरांत मात्र फिरून फिरून तीनच जाती भेटतात.

पहिली प्लेक्सिप्पस पायकुली. अंगानं तिघांत मोठी, ९ ते १२ मि.मी. नर लगेच ओळखू येतो: पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना काळे, कडेला परत पांढरे, जणू कुणी रांगोळीच्या पिठाची बोटं ओढली आहेत. मादी मातकट, पोटावर मध्ये फिकट रुंद पट्टा आणि मागच्या बाजूला दोन पांढरे ठिपके. ट्यूबलाइटखाली संध्याकाळी जो असतो तो बहुतेक हाच. उड्या कोळी दिवसाचे प्राणी खरे, पण दिव्याचा उजेड आणि त्याभोवतीचे किडे मिळाले तर हा खुशाल जादा पाळी करतो.

दुसरी मेनेमेरस बायव्हिटॅटस. हिचा मुक्काम घराबाहेरच्या भिंतीवर, गॅलरीत, खिडकीच्या गजांवर, कंपाउंडच्या उन्हात. अंग चपटं, राखाडी केसांनी भरलेलं. सिमेंटच्या गिलाव्यावर बसली की हलेपर्यंत दिसत नाही. चपटेपणाचा उपयोग खिडकीच्या चौकटीच्या फटीत घुसताना होतो. नराच्या पोटावर मधोमध गडद पट्टा असतो. मादीच्या पोटाच्या दोन्ही कडांना गडद पट्टे असतात आणि ते मागे एकमेकांना मिळतात. माश्या धरण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. भिंतीवर बसलेल्या माशीकडे ही सरळ जात नाही, खेकड्यासारखी तिरकी सरकत जवळ येते.

तिसरी हसॅरियस ॲडान्सोनी, सगळ्यात छोटी, नर ६ मि.मी.च्या आसपास. नर काळा, डोळ्यांभोवती विटकरी मुखवटा, तोंडापुढचे दोन आखूड पाय पांढरे, पोटाच्या पुढच्या टोकाला पांढरी चंद्रकोर. कुंड्यांच्या मागे, बाथरूमच्या खिडकीत, ओलसर जागी सापडतो. मादी साधी तपकिरी, त्यामुळे ती बघूनही लक्षात राहत नाही. या जातींच्या नावांतले पायकुल हे स्वीडनचे निसर्गअभ्यासक आणि ॲडान्सन हे सेनेगलमध्ये काही वर्षं राहिलेले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ. दोन्ही कोळ्यांचं शास्त्रीय वर्णन १८२६ सालचं, इजिप्तमधल्या नमुन्यांवरून केलेलं. जहाजांच्या मालाबरोबर हे कोळी उष्ण प्रदेशांत सगळीकडे पोचले, म्हणून पुण्यात पाहिलेला कोळी मॉरिशसच्या स्वयंपाकघरातही भेटतो.

नर-मादी ओळखायला रंगाच्या नादी न लागता तोंडाजवळचे आखूड पाय, म्हणजे पॅल्प, बघावेत. टोकाला बॉक्सरचे हातमोजे घातल्यासारखे फुगीर दिसले तर वयात आलेला नर. टोक निमुळतं असेल तर मादी किंवा पिल्लू.

आता मुद्द्याचं: डोळे. या कोळ्याचं सगळं वागणं डोळ्यांभोवती फिरतं, आणि त्याला पाहायचं, धरायचं, खायला घालायचं तंत्रही. डोळे आठ. समोरचे दोन मोठे, गाडीच्या हेडलाइटसारखे. त्यांच्या बाजूला दोन मध्यम. मागे डोक्याच्या कडेला चार, त्यातले दोन अगदी बारीक. बाजूचे डोळे फक्त हालचाल टिपतात आणि सगळे मिळून जवळजवळ चहूकडचं बघतात. कुठे काही हललं की कोळी अख्खं अंग फिरवून तोंड तिकडे करतो आणि मग समोरचे डोळे कामाला लागतात. हे दोन डोळे आतून लांब नळीसारखे असतात. पुढचं भिंग डोक्याच्या कवचात घट्ट बसवलेलं, ते हलत नाही. नळीचं मागचं टोक, जिथे पडदा आहे, ते स्नायूंनी इकडेतिकडे हलतं. नजरेचा पट्टा काही अंशांइतकाच अरुंद, त्यामुळे समोरची वस्तू तो बॅटरीच्या झोतासारखी कडेकडेनं चाचपत बघतो. फिकट डोळ्यांच्या कोळ्यात हे बाहेरूनही दिसतं: डोळ्याचा रंग तपकिरी, मग काळा, परत तपकिरी असा बदलत राहतो. डोळा पूर्ण काळा झाला की नळी नेमकी तुमच्या दिशेला आहे, म्हणजे तो तुमच्याकडेच बघतोय.

अंतराचा अंदाज तो कसा घेतो हा प्रश्न बरेच दिवस होता, आणि उत्तर मिळालं ते बाथरूममधल्या हसॅरियसकडून. पडद्याला एकावर एक चार थर असतात. हिरव्या उजेडाची प्रतिमा सगळ्यात खालच्या थरावर स्पष्ट पडते. त्याच्या वरचा थरही हिरवा उजेड ओळखतो, पण तिथे ती प्रतिमा धूसर असते. धूसरपणा किती, यावरून कोळ्याला वस्तू किती लांब आहे ते समजतं. जपानी संशोधकांनी २०१२ साली एकदा फक्त हिरव्या आणि एकदा फक्त लाल उजेडात कोळ्यांना उड्या मारायला लावल्या. हिरव्यात नेम बरोबर लागला. लाल उजेडात कोळी दर वेळी भक्ष्याच्या अलीकडेच पडला.

घरी करून बघण्यासारखी साधी गोष्ट: कोळ्याच्या मागून पेन्सिलीचं टोक हळूहळू न्या, पंधरा-वीस सें.मी. अंतर ठेवून. तो झटक्यात वळेल. पेन्सिल स्थिर धरा, थोडा वेळ निरखेल आणि कंटाळून आपल्या वाटेला लागेल. प्लेक्सिप्पसच्या नरापुढे छोटा आरसा धरला तर समोर प्रतिस्पर्धी आहे समजून तो पुढचे पाय वर उचलतो. एक-दोन मिनिटांत आरसा काढून घ्यावा, उगाच दमतो बिचारा. लेझरचा लाल ठिपका दाखवू नका. कोळी मागे धावतो आणि व्हिडिओ छान येतो, पण झोत डोळ्यांत गेला तर नुकसान त्याचं. मोबाइलच्या स्क्रीनवर फिरणारा काळा ठिपका तेच काम करतो.

रात्री बागेत टॉर्च कपाळाशी धरून पाहिलं तर गवतात हिरवे ठिपके चमकतात. ते याचे डोळे नव्हेत. ते लांडगा कोळ्यांचे. त्यांच्या डोळ्यांत मागे चकचकीत थर असतो, उड्या कोळ्याच्या डोळ्यांत नसतो.

उडीमागे जाडजूड मांड्या असतील असं वाटतं, कारण टोळाच्या असतात. इथे प्रकार वेगळा. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांना पाय आत ओढणारे स्नायू आहेत, बाहेर ताणणारे नाहीत. पाय सरळ होतो तो रक्ताच्या दाबानं, जेसीबीचा हात तेलाच्या दाबानं उघडतो तसा. छातीचा भाग आवळून दाब एकदम वाढवला की मागचे पाय सटकन सरळ होतात आणि कोळी सुटतो. सुटण्याआधी पोटाचं टोक भिंतीला टेकवून धागा चिकटवलेला असतो. नेम चुकला तर धाग्याला लटकून परत वर. शिवाय हवेत असताना धाग्याच्या ताणामुळे अंग कोलांटत नाही. शिकारीची उडी सहसा शरीराच्या तीन-चार पट. त्याहून लांब मारता येते, पण गरज पडली तरच.

मेलेला कोळी पाय पोटाशी दुमडून का पडतो तेही यातच आलं: दाब गेला, आत ओढणारे स्नायू उरले. जिवंत कोळ्याचे पाय तसे दुमडायला लागले तर बहुतेक वेळा तो तहानेनं मरायला टेकलेला असतो. त्यावरचा इलाज पुढे येतोच.

आधी बदनामीचं. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा कोपराच्या वळणात लाल रेघ, जळजळ, मग फोड. घरातलं मोठं माणूस निदान करतं, ‘कोळी मुतला’. कोळी असलं काही करत नाही. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पेडेरस नावाचा नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगेरा अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातल्या पेडेरिन या विषानं कातडी भाजते. कोपर किंवा मान दुमडली की समोरच्या कातडीलाही तोच डाग उमटतो, ही त्याची खूण. कधीकधी ती चक्क नागीण असते, म्हणून ‘कोळ्यावर’ घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. उड्या कोळी स्वतः चावतो का? बोटांत दाबून धरला तर चावू शकतो, लाल मुंगीइतपत समजा. अंगावर चालू दिला तर चावत नाही.

आणि अति स्तुतीही नको. याला ठेवलं की घर डासमुक्त होतं असं सांगणारे असतात. डेंग्यूचा एडिस डास दिवसा फिरतो, कोळीही दिवसा फिरतो, तिथे गाठ पडते आणि काही डास कमी होतात. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स निघतो तेव्हा कोळी पिशवीत झोपलेला असतो. मच्छरदाणी लावा, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करा.

धरायचं असेल तर झडप घालू नये. रुंद तोंडाचा काचेचा पेला सावकाश वरून ठेवायचा, खालून पोस्टकार्डाइतका जाड कागद सरकवायचा. घाईत पायच कडेखाली सापडतो. भिंतीवर पेला धरून कोळी आत शिरत नसेल तर कागदाच्या कोपऱ्यानं मागून हलकं हलवावं. तो नेहमी समोर मोकळ्या जागेकडे जातो. चित्रकलेचा दोन नंबरचा मऊ ब्रश असेल तर उत्तम.

मुलांना आठ-दहा दिवस बघायला ठेवायचा झाला तर अर्ध्या लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी पुरते. बरणी उलटी ठेवायची, झाकण खाली. हे उलटं वाटतं, पण कोळी पिशवी विणतो ती नेहमी वरच्या कोपऱ्यात. झाकण वर असेल तर उघडताना दर वेळी त्याचं घर फाटतं आणि दोन-तीनदा फाटलं की तो विणायचं सोडून देतो. तापवलेल्या सुईनं बाजूला पंधरा-वीस भोकं पाडा, १ मि.मी.हून मोठी नकोत, नाहीतर फळमाश्या आणि कोळ्याची पिल्लं दोन्ही बाहेर पडतात. भोकं आतून बाहेरच्या दिशेनं पाडायची, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकची टोकं बाहेर राहतात. आत एक खरबरीत काडी तिरपी टेकवा. बरणी उन्हात ठेवू नका. खिडकीतल्या दुपारच्या उन्हात बंद प्लॅस्टिक इतकं तापतं की तासाभरात कोळी संपतो.

पाण्याची वाटी ठेवू नका, त्यात बुडतो. ओला कापूसही नको, तीन दिवसांत बुरशी धरतो. पिशवीच्या समोरच्या बाजूला स्प्रेनं बारीक शिंतोडे मारायचे. थेंब कोळ्याच्या डोक्याएवढा किंवा लहान. मोठ्या थेंबात तो चिकटून अडकतो. मे महिन्यात रोज, एरवी एक दिवसाआड, जुलै-ऑगस्टात तीन-चार दिवसांनी. बरणीच्या भिंती सकाळीही धूसर दिसत असतील तर पाणी जास्त होतंय. पोट सुरकुतलं, पाय आत वळायला लागले तर ओल्या टिश्यूवर कोळ्याला पालथा ठेवून तोंडाजवळ एक थेंब सोडा आणि वर पेला झाका. पाण्यात मात्र बुडवू नका, श्वासाची छिद्रं पोटाखाली असतात. वेळेत जमलं तर तासा-दोन तासांत पाय उघडतात.

खाणं जिवंत आणि हलणारं हवं. रॅकेटनं मारलेले डास टाकून उपयोग नाही. न हलणारी वस्तू त्याच्या लेखी अन्न नसते. फवारा मारलेल्या घरातला किडा तर अजिबात नको, कोळ्याचे पाय थरथरायला लागतात आणि मग फारसं काही करता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे पिकून काळं पडलेलं केळं बाटलीत ठेवून तोंडावर कागदाचा नरसाळ्यासारखा शंकू बसवा; दोन दिवसांत फळमाश्या जमतात. १ सें.मी.च्या कोळ्याला दर दोन-तीन दिवसांनी चार-पाच फळमाश्या किंवा एक घरमाशी. वेळापत्रकापेक्षा पोट बघा: द्राक्षासारखं टचटचीत असेल तर काही देऊ नका, छातीपेक्षा बारीक दिसलं तर द्या. भक्ष्य कोळ्यापेक्षा मोठं नसावं. मुंग्या नकोत. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढून टाका.

खायला नकार देऊन कोळी पिशवीत जाड रेशीम भरून बसला तर तो आजारी नाही, कात टाकतोय. आठवडाभरही लागतो. या काळात किडा सोडला तर उलटा किडाच मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. हवा फार कोरडी असेल तर जुन्या कातेत एखादा पाय अडकून राहतो, म्हणून शिंतोडे चालू ठेवा. कात टाकल्यावर दोन-तीन दिवस उपास. सोडताना सकाळी सोडा, कुंडीपाशी किंवा भिंतीच्या फटीजवळ. अंधारात सोडलेल्या कोळ्याला पालीच्या तावडीतून सुटायला जागा दिसत नाही.

पिशव्या कुठे शोधायच्या? सरकत्या खिडकीच्या खाचेत, कॅलेंडरच्या मागे, पडद्याच्या चुणीत, चपलांच्या रॅकखाली. जळमट राखाडी, धुळीनं माखलेलं आणि सैल असतं. ही पिशवी पांढरी, घट्ट, नाण्याएवढी, पृष्ठभागाला चिकटलेली. आत मादी बसलेली असेल तर अंडी आहेत असं समजा. प्लेक्सिप्पस एका वेळी साधारण ३५ ते ६० अंडी घालते आणि राखण करत बसते. पिल्लं बाहेर पडून पांगली की रिकामी पिशवी खुशाल काढा. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीचं मातीचं घर असेल तर तेही फोडून बघा: आत लुळे केलेले कोळी ठासून भरलेले असतात, तिच्या अळीची शिदोरी, आणि त्यात उड्या कोळीही सापडतात.

फोटोला मोबाइल आणि चिमट्याचं मॅक्रो भिंग पुरे. भिंग कोळ्यापासून दोन-तीन सें.मी.वर येतं, म्हणून मोबाइल वरून न आणता त्याच्या उंचीवर समोरून, गोगलगायीच्या गतीनं आणा. कोळ्याला पेन्सिलीवर चढवा. टोकाला पोचला की उडी मारण्याआधी दोन-तीन सेकंद थांबून तो अंतर जोखतो. फोटो त्या सेकंदांत काढायचा. फ्लॅशपुढे बटरपेपरचा तुकडा धरला नाही तर डोळ्यांत पांढरा भगभगीत ठिपका येतो.

घराबाहेर झाडांवर या कुळाची वेगळीच दुनिया आहे. फिकट अंगावर दोन लाल रेघा ओढलेली टेलामोनिया डिमिडियाटाची मादी बागेत दिसते. कमोडच्या सीटखाली दबा धरून चावणारा प्राणघातक कोळी म्हणून जे ढकलपत्र फिरतं, त्याच्या एका अवतारात हिचंच नाव आहे, आणि ते साफ खोटं आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ साली इसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं, २६/११ला कसाबला जिवंत पकडताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

शोधायची पद्धत सोपी: पांढरी किंवा फिकट छत्री उघडून उलटी धरा आणि फांदीवर काठीनं दोन-तीन ठोके द्या, चार नकोत, पानं तुटतात. छत्रीत पडलेल्या कचऱ्यातून जे उड्या मारत निघतं ते आपलं. कोकणात आंब्या-फणसावर पानं शिवून राहणाऱ्या ओंबिल मुंग्यांच्या वसाहतीजवळ जरा जपून, कारण त्यांच्यासारखाच दिसणारा, मिर्माप्लाटा नावाचा उड्या कोळीही तिथे राहतो. तो पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून मुंगीच्या चालीनं चालतो. खात्री करायची तर पाय मोजा, किंवा पानाला टिचकी मारा: मुंगी खाली पडते, तो धाग्याला लटकतो. नर असेल तर तोंडापुढे लांबच लांब जबडे येतात, जणू मुंगी दुसरी मुंगी तोंडात धरून निघाली आहे. बाह्या मात्र आधी मनगटापर्यंत ओढून घ्या. छत्रीत कोळी एखादाच पडतो, ओंबिलं पन्नास.